उलट्या थांबेनात, गोळ्या चुकेनात : साप्ताहिक इंजेक्शनच्या सातव्या आठवड्यातले एक प्रकरण

बाईंना व्हीलचेअरवरून आत आणले तेव्हा त्या शुद्धीवर होत्या, पण काही विचारले की उत्तर अर्ध्यावर सोडून देत होत्या. कपाळ घामाने ओले, हात गार, जीभ कोरडी ठणठणीत. ग्लुकोमीटरवर साखर ४६, म्हणजे धोक्याइतकी कमी. रक्तदाब ९४/५८, नाडी ११२. सोबतच्या मुलीने पिशवीतून गोळ्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला. आठवड्याचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळ-संध्याकाळचे दोन भाग. "चार दिवस पोटात काही ठरत नाहीये, पण गोळी एकही चुकवलेली नाही," ती म्हणाली, आणि ते जरा अभिमानानेच. मी डबा उघडला. सोमवारपासून गुरुवार सकाळपर्यंतचे सगळे भाग रिकामे होते.

त्या गोळ्या मीच लिहून दिल्या होत्या. सेमाग्लुटाइडचे साप्ताहिक इंजेक्शनही मीच सुरू केले होते. तेव्हा पुढचे जे काही आहे, ते दुसऱ्या कुणाच्या चुका मोजायला लिहिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून बाईंचे तपशील बदलले आहेत.

सातव्या रविवारपर्यंत

वय ६१, टाइप २ मधुमेह १४ वर्षांपासून. मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम दोनदा, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोडगोळी, शिवाय कोलेस्टेरॉलची एक गोळी. वजन ८४ किलो. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, ९.६ टक्के. क्रिएटिनिन ०.९, म्हणजे किडनीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना, वजन गुडघ्यांवर बसलेले, म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइड सुरू केले: पहिले चार रविवार ०.२५ मिलिग्रॅम, पाचव्यापासून ०.५.

सुरू करताना जे विचारायचे ते विचारले होते. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का? नाही. पित्ताशयात खडे? नाही. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग किंवा एमईएन २ नावाचा आनुवंशिक आजार? यावर बाई थबकल्या. बहिणीला थायरॉइड होते. चौकशी केल्यावर निघाले की बहिणीची थायरॉइड ग्रंथी मंद आहे आणि ती रोज एक गोळी घेते. त्याचा या इशाऱ्याशी संबंध नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉइडच्या सी-पेशींच्या गाठी दिसल्या म्हणून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापतात. माणसात तसे होते हे सिद्ध झालेले नाही, पण वरचे दोन आजार असलेल्या घरात औषध द्यायचे नाही, हा नियम पक्का आहे. हे समजावण्यात आमची चांगली पंधरा मिनिटे गेली. ग्लिमेपिराइडवर एक मिनिटही गेले नाही.

पहिले पाच आठवडे निर्वेध गेले. जरा लवकर पोट भरायचे, बाकी काही नाही. "मला तर काही जाणवतच नाही," असे त्या फोनवर म्हणाल्याचे नर्सने टिपून ठेवले होते. सहाव्या रविवारी मात्र दुसऱ्या दिवसापासून मळमळ सुरू झाली आणि आठवडाभर गेली नाही. सातव्या रविवारी मळमळ असतानाच पुढचे इंजेक्शन घेतले. सोमवारी उलट्या. मंगळवारी ओकून ओकून पाठ धरली म्हणून घरात असलेली डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी, दिवसाला दोन. बुधवारी लघवी जेमतेम दोनदा, गडद रंगाची. गुरुवारी दुपारी त्या आमच्याकडे.

पहिले छत्तीस तास

शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर दिले आणि साखर १४८ झाली. बाई बोलू लागल्या, मुलीचा चेहरा सैल पडला. इथेच पुष्कळ ठिकाणी रुग्णाला घरी पाठवतात आणि रात्री तो परत येतो. अडीच तासांनी साखर पुन्हा ६२ होती.

कारण ग्लिमेपिराइड. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग रक्तात साखर असो वा नसो. किडनी मंदावली की त्याचा अंमल लांबतो. आणि बाईंची किडनी चांगलीच मंदावली होती: क्रिएटिनिन २.०. तेव्हा १० टक्के डेक्स्ट्रोज चालू ठेवले, सोबत सलाईन, आणि तासातासाला बोट टोचणे. छत्तीस तास. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची जोडगोळी, डायक्लोफिनॅक सगळे बंद.

उलट्यांचे खापर लगेच इंजेक्शनवर फोडून मोकळे होता येत नाही. स्वादुपिंडाची सूज आहे का ते पाहावेच लागते. वरच्या पोटात सतत दुखणे, पाठीकडे जाणारे, ही तिची ओळख. बाईंची पाठ दुखत होती, पण दाबल्यावर कमरेचे स्नायू दुखत होते, पोट मऊ होते. लायपेज हे स्वादुपिंडातले पाचकद्रव्य रक्तात वरच्या मर्यादेच्या थोडे पलीकडे होते. या औषधांवर ते एवढे वाढलेले अनेकदा सापडते. निदानासाठी तिपटीच्या वर लागते. सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ होते. वजन भराभर उतरताना खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून तेही पाहिले. रक्तातले लॅक्टेट हे आम्ल किंचित जास्त, पण रक्ताची एकूण आम्लता ठीक.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.४, सहाव्या दिवशी १.०. किडनी वाचली. ती बिघडली होती पाणी कमी पडल्याने. उलट्यांनी पाणी गेले, हायड्रोक्लोरोथायझाइडने उरलेले लघवीवाटे काढले. टेल्मिसार्टनमुळे किडनीला आतला दाब टिकवता येईना आणि डायक्लोफिनॅकने तिच्याकडे येणारा रक्तपुरवठा आवळला. यातले प्रत्येक औषध एकेकटे निमूट वागते. कोरड्या पडलेल्या शरीरात तिन्ही एकत्र आली की किडनीला तिहेरी मार बसतो.

गंमत म्हणजे याच सेमाग्लुटाइडने मधुमेही किडनीविकाराची घसरण मंदावते, हे २०२४ च्या फ्लो या चाचणीत दिसले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लांबच्या वाटेवर किडनीला उपकारक असलेले औषध चार दिवसांच्या उलट्यांतून तिला गोत्यात आणू शकते.

सुई बाहेर कधी काढायची

एक गोष्ट मात्र मनात अडकून राहिली होती. पाच आठवडे जवळजवळ काहीच नाही आणि सहाव्यात एवढे?

चौथ्या दिवशी बाई उठून बसल्या तेव्हा आमच्या नर्सने सरावाचे पेन त्यांच्या हातात दिले. "काकू, घरी घेता तस्सं घेऊन दाखवा." बाईंनी पोटाची चिमूट धरली, सुई टोचली, बटण दाबले, टक् झाल्याबरोबर सुई बाहेर. सुईच्या टोकाला टपोरा थेंब लोंबत होता. त्यांनी तो सवयीने कापसाने पुसला. "रोजच येतो तो," त्या म्हणाल्या. रोजच म्हणजे दर रविवारी.

आकडा शून्यावर आल्यावर बटण दाबून ठेवायचे, सुई आत ठेवायची आणि सावकाश सहापर्यंत मोजायचे, असे या पेनाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. बारीक सुईतून औषध उतरायला तेवढा वेळ लागतो. बाई दर वेळी काही भाग पुसून टाकत होत्या. घरचे पेन मागवून पाहिले तर सुई त्यावर तशीच लावलेली. एकच सुई किती आठवडे चालली ते त्यांना आठवेना. सुई लावून ठेवलेल्या पेनात हवा शिरते, औषध झिरपते, सुई तुंबते. म्हणजे डोस आणखी कमी.

मग सहावा रविवार. त्या दिवशी पहिल्यांदा मुलीने इंजेक्शन दिले. तिने माहितीपत्रक वाचले होते. नवी सुई लावली, थेंब येतो का पाहिले, टोचून सहा मोजले. तिने सगळे बरोबर केले आणि म्हणूनच आईला पहिल्यांदा पूर्ण डोस मिळाला. पायऱ्या चढत नेण्याची सगळी योजना कागदावर राहिली आणि बाईंच्या शरीराने थेट वरच्या पायरीवर उडी मारली. किती औषध वाया गेले ते मोजण्याची सोय नाही, तेव्हा हा माझा अंदाज आहे. पण घटनांचा क्रम त्याच्याशी तंतोतंत जुळतो.

मुलीला हे सांगताना तिचा गैरसमज होणार नाही याची काळजी घ्यावी लागली. "म्हणजे माझ्यामुळे झालं?" हा प्रश्न तिने विचारलाच. नाही. पाचव्या आठवड्यात "काही जाणवतच नाही" हे ऐकून आम्हीच इंजेक्शन कसे घेता ते पाहायला हवे होते.

पेन उघडले आहे तर त्याबद्दल आणखी थोडे. न वापरलेले पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे. गोठले तर टाकून द्यायचे, वितळवून वापरायचे नाही. एकाचे पेन दुसऱ्याने वापरायचे नाही, सुई बदलली तरीही, कारण रक्ताचा अंश मागे पेनात ओढला जाऊ शकतो. घरात दोघांना हेच औषध असले की ही पाळी येते. आणि पेनाऐवजी कुपीतून सिरिंजने औषध ओढून घेणाऱ्यांनी मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांचा घोळ अजिबात होऊ देऊ नये. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२४ मध्ये अशा तयार केलेल्या सेमाग्लुटाइडबद्दल इशारा काढला, त्यात काही रुग्णांनी ठरल्याच्या ५ ते २० पट डोस घेतल्याची नोंद आहे.

माझी चूक

सेमाग्लुटाइड एकटे असेल तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ते इन्सुलिनला जोर देते तो साखर चढलेली असताना, आणि साखर उतरली की हात आखडता घेते. ग्लिमेपिराइडला हात आखडायचे माहीत नाही. दोन्ही एकत्र दिली, त्यात भूक निम्म्यावर आली, की कधीतरी ४६ दिसणारच. म्हणून इंजेक्शन सुरू करताना किंवा डोस वाढवताना सल्फोनिलयुरिया गटाची, म्हणजे ग्लिमेपिराइडसारखी, गोळी कमी करायचा विचार करावा, असे माहितीपत्रकच सांगते. एचबीए१सी ९.६ होते, त्यामुळे "आधी साखर उतरू दे, मग गोळी कमी करू" असे मी मनाशी म्हटले. तो हिशोब पहिल्या आठवड्यापुरता ठीक होता. पाचव्या रविवारी डोस दुप्पट करताना तो पुन्हा तपासायला हवा होता. तपासला नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून परस्पर इन्सुलिन बंद करू नये. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये नेमके याच्या उलट बजावले: नवे इंजेक्शन आले म्हणून इन्सुलिन झपाट्याने कमी केले आणि रुग्ण कीटोॲसिडोसिसमध्ये गेले, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्त आम्ल झाले, अशी प्रकरणे त्यांच्याकडे आली होती. इन्सुलिन कमी करायचे तर टप्प्याटप्प्याने, रोज साखर मोजत. ग्लिफ्लोझिन गटातली, म्हणजे साखर लघवीवाटे बाहेर काढणारी, गोळी घेणाऱ्यांचा धोका वेगळाच. उलट्या-उपासमारीत त्यांना साखर फारशी न चढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, त्यामुळे ग्लुकोमीटरवरचा बरा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही.

दुसरी गोष्ट औषधाच्या मुक्कामाची. सेमाग्लुटाइडच्या गटातले पहिले औषध एक्झेनाटाइड, २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले, दिवसातून दोनदा घ्यावे लागे. त्रास झाला की पुढचा डोस टाळायचा, संध्याकाळपर्यंत उतार. सेमाग्लुटाइडचे प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणजे दर रविवारी नवा डोस जुन्याच्या उरलेल्या निम्म्यावर चढतो. साधा गुणाकार करून पाहा: चार वेळा ०.२५ नंतर पहिला ०.५ घेतला की शरीरात मिळून साधारण ०.७ मिलिग्रॅम असते, तिसऱ्या ०.५ नंतर ०.९ च्या वर. पेनावरचा आकडा तोच असतो, आतला वाढत जातो. आणि एकदा टोचले की परत काढता येत नाही. म्हणून मळमळ चालू असताना पुढचे इंजेक्शन घेण्याआधी फोन करायचा असतो, हे बाईंना कुणी सांगितले नव्हते. चुकलेल्या डोसचे सांगितले होते: पाच दिवसांच्या आत आठवले तर घ्या, नंतर आठवले तर सोडून द्या आणि पुढच्या ठरल्या वारी घ्या. डोस विसरला तर काय, याचे उत्तर त्यांना पाठ होते. डोस सोसत नसेल तर काय, हा प्रश्न आमच्या यादीतच नव्हता.

साखर उतरल्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हा नियम बाईंच्या मुलीने घरी पाळला होता. दोन्ही वेळा ग्लुकोजचे पाणी उलटून पडले. मुळात हे औषध जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते, त्यात उलट्या. अशा वेळी तोंडाने साखर देत बसण्यात तास गेला तर तो तास महाग पडतो. पोटात काही ठरत नाही आणि साखर ७० च्या खाली आहे, एवढे दिसले की निघायचे.

डोळे

दाखल असतानाच डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावले, खरे तर उशिराच. बाईंच्या डोळ्याच्या पडद्याची शेवटची तपासणी तीन वर्षांपूर्वीची होती. आता दोन्ही डोळ्यांत मध्यम स्वरूपाची रेटिनोपथी, म्हणजे मधुमेहाने पडद्याला झालेली इजा, निघाली, मध्यबिंदूला सूज नव्हती.

सस्टेन-६ ही चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ३,२९७ रुग्ण, दोन वर्षे. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले, पण रेटिनोपथीची गुंतागुंत ३.० टक्क्यांना झाली, नकली इंजेक्शन घेणाऱ्यांत १.८ टक्क्यांना. त्रास मुख्यतः झाला तो आधीच पडदा बिघडलेल्यांना. चढी साखर झपाट्याने उतरली की पडदा काही काळ बिघडतो, हे इन्सुलिनच्या बाबतीतही जुनेच निरीक्षण आहे. बाईंचे एचबीए१सी सात आठवड्यांत ९.६ वरून ८.३ झाले होते. या आकड्याचे मी एरवी कौतुक केले असते. पडदा पाहिल्यावर मला तो जरा जास्तच वेगवान वाटला.

डोळ्याचा दुसरा, फार क्वचित होणारा धोका म्हणजे दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटणे. युरोपच्या औषध नियंत्रकांनी जून २०२५ मध्ये तो सेमाग्लुटाइडचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला, दहा हजारांत एकापर्यंत. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले तर सकाळची वाट पाहायची नाही.

पुन्हा ०.२५

मुलीचे म्हणणे होते, हे इंजेक्शन पुन्हा नको. बाईंचे म्हणणे उलट. सात आठवड्यांत गुडघे हलके झाले होते आणि ते त्यांना सोडायचे नव्हते. माझा कौल बाईंच्या बाजूने पडला, पण क्रम बदलून. आधी गोळ्यांची झाडाझडती. ग्लिमेपिराइड बंद. रक्तदाबाच्या जोडगोळीतले हायड्रोक्लोरोथायझाइड काढले. वजन उतरल्यावर तसाही त्याचा उपयोग कमी झाला होता. डायक्लोफिनॅक घरातून बाहेर, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम. मेटफॉर्मिन किडनी सावरल्यावर पुन्हा. चार आठवड्यांच्या खंडानंतर सेमाग्लुटाइड परत ०.२५ वर, आणि तिथे चारऐवजी आठ आठवडे. साखरेसाठी हा डोस अपुरा असतो, तो शरीराला सवय लावण्यापुरता. पण या वेळी घाई नव्हती. पडद्याची तपासणी दर तीन महिन्यांनी.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विषयही निघाला होता, तेव्हा भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू आहे हे आधी सांगायचे, असे केसपेपरवर लाल शाईने लिहिले. जठर मंद असले की रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकते आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने साप्ताहिक इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवा असे सुचवले होते. पुढच्या वर्षी काही संघटनांनी मिळून तो सल्ला सौम्य केला: बहुतेकांना चालू ठेवता येते, त्रास होत असलेल्यांचा वेगळा विचार करावा, गरजेप्रमाणे आदल्या दिवशी फक्त द्रवाहार. निर्णय भूलतज्ज्ञांचा, पण तो घ्यायला त्यांना माहीत तर हवे.

आणि एक कागद. अर्धे पान, मोठ्या अक्षरात, मुलीच्या हस्ताक्षरात, मी सांगितला तसा. दोनदा उलटी झाली किंवा दिवसभर काही खाणेपिणे झाले नाही, तर मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी थांबवायची. दुखण्याची गोळी घ्यायची नाही. घोट घोट पाणी, दर चार तासांनी साखर. इंजेक्शनचा दिवस आला तर आधी फोन. नीट खाऊपिऊ लागल्यावर एक-दोन दिवसांनी गोळ्या पुन्हा. तो कागद गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.४, वजन ७७, क्रिएटिनिन ०.९, पडदा होता तसा. डोस ०.५ वर आहे आणि तो वाढवायचे आम्ही मनावर घेतलेले नाही.

मध्यंतरी एका सोमवारी सकाळी बाईंचा स्वतःचा फोन आला. रात्रीपासून दोनदा उलटी झाली होती. साखर ११८. "गोळ्या दोन्ही बाजूला काढून ठेवल्यात, वाटीत. पाणी पितेय, ठरतंय. काल इंजेक्शन घेतलं नाही, तुम्हाला विचारायचं होतं म्हणून. आता सांगा."

मी विचारले, कालपासून लघवीला किती वेळा गेलात.

"पाच," त्या म्हणाल्या. त्यांनी मोजून ठेवले होते.